उसनं बोट

गेल्या दिवाळीत दारातली रांगोळी मी काढली. अकरा ते सहा ठिपक्यांची, साधीच. फोटो पाहून मावशीचा लगेच फोन आला, "कोणत्या हाताने काढलीस गं?"

"उजव्याच."

"आणि बोट?"

"तेही होतं."

एवढ्यावर तिचं समाधान झालेलं नाही हे तिच्या हुंकारावरूनच कळलं. शिवाय गेली दोन वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत कोणी ना कोणी माझा हात हातात घेऊन तोच प्रश्न विचारतं. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जुलै २०२२ मध्ये एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टच्या जाळीच्या दारात माझी उजव्या हाताची तर्जनी सापडली. वरची दोन पेरं गेली, मुळाचं एक राहिलं. अपघाताबद्दल एवढंच. रक्ताची वर्णनं मला वाचवत नाहीत, लिहवत तर मुळीच नाहीत.

बोट करून घ्यायला दातांच्या कॉलेजात जावं लागतं हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. कवळ्या बसवणारा जो विभाग असतो, तिथेच कान, नाक, डोळे आणि बोटंही करतात. दाताचं माप घ्यायला जो लिबलिबीत लगदा वापरतात (कवळी केलेल्यांना त्याची चव आठवत असेल), त्यातच माझं थोटूक बुडवलं, मग डाव्या हाताची तर्जनी बुडवली. डाव्या बोटावरून उजवं बोट मेणात कोरलं. सिलिकॉनचा रंग मात्र खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात माझा हात धरून जुळवला. आत बारीक लाल धागे टाकले, शिरांचा भास व्हावा म्हणून. हे बोट कशानेही बांधलेलं नसतं. थोटकाचा जो प्लास्टरचा साचा असतो तो थोडा खरवडून बारीक करतात, म्हणजे बोट घट्ट बसतं आणि आतली हवा निघून गेली की चिकटून राहतं. जोड दिसू नये म्हणून तिथे अंगठी घालायची.

घरी आल्यावर सगळ्यांनी बघितलं. "अगदी खरं वाटतं!" वाटतच होतं. आणि त्या खऱ्या वाटणाऱ्या बोटाने मला ब्लाऊजचा हूक लावता येईना.

झालं होतं असं की अपघातानंतरच्या आठ महिन्यांत मधल्या बोटाने परस्पर कारभार हातात घेतला होता. हे सगळ्यांचंच होतं म्हणे. तर्जनी दुखावली की मेंदू तिचं नाव हजेरीपटावरून काढून टाकतो आणि अंगठ्याची जोडी मधल्या बोटाशी लावून देतो. पेन, चमचा, खडू, सगळं तिसऱ्या बोटाकडे गेलेलं. नवं बोट आलं ते त्या जोडीच्या मध्ये पाहुण्यासारखं ताठ उभं. कप उचलायला गेले की आधी तेच कपाला धडकायचं.

मग थेरपी. आमची थेरपिस्ट माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. सुरुवातीला थोटकाला वारा लागला तरी झिणझिण्या यायच्या, तेव्हा तिनेच मला रोज दोनदा तांदळाच्या डब्यात हात घालून बसवलं होतं. मग रवा, मग खडेमीठ. आता नव्या बोटासाठी तिने एक कागद दिला. त्यावर हाताची सहा चित्रं, सहा प्रकारच्या पकडी. मी विचारलं, "हे सहाच का? कोणी ठरवलं?" ती म्हणाली, "मॅडम, सिलॅबसमध्ये असतं."

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला असं उत्तर देऊ नये. मी शोधायला बसले.

हे सहा प्रकार गेऑर्ग श्लेसिंगर नावाच्या माणसाने १९१९ साली मांडले. तो डॉक्टर नव्हता, बर्लिनमधल्या तंत्रविद्यालयात यंत्रांचा प्राध्यापक होता. लेथ आणि मिलिंग मशीन हा त्याचा प्रांत. पहिल्या महायुद्धात हात गमावलेले हजारो जर्मन सैनिक घरी परतू लागले. त्यांना पुन्हा कामावर कसं लावायचं हा सरकारपुढे प्रश्न होता, म्हणून कृत्रिम अवयव तपासण्यासाठी शार्लोटेनबुर्गमध्ये एक कचेरी उघडली आणि ती याच्याकडे दिली. त्याने हाताकडे यंत्र म्हणूनच पाहिलं. हा भाग काय काय धरतो? त्याची यादी अशी : पेल्यासारखी उभी गोल वस्तू मुठीत धरणं, बादलीची कडी आकड्यासारखी अडकवणं, चेंडूसारखी वस्तू पाची बोटांनी वेढणं, अंगठा आणि बोटांचे मांसल भाग यांत पेन धरणं, अंगठा तर्जनीच्या बाजूवर दाबून किल्ली धरणं आणि टाचणी उचलायची टोकाची चिमूट. हा श्लेसिंगर ज्यू होता. ज्या देशाच्या जखमी सैनिकांसाठी त्याने हे केलं, त्या देशाने १९३३ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. पुढे तो देश सोडून गेला, १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. सिलॅबसमध्ये यातलं काही नसतं.

त्याची यादी मी स्वयंपाकघरात लावून पाहिली. (आपल्याकडे चिमूट, मूठ, पसा, ओंजळ हे शब्द मापाचे आहेत आणि पकडीचेही. आजीने श्लेसिंगरला दोन गोष्टी सांगितल्या असत्या.) बादलीला नवं बोट लागतच नाही, बाकीची तीन पुरतात. पेल्याला लागतं. तीन बोटांत पेला धरला की तो वरून कलतो, तिथे हे नुसतं टेकू म्हणून उभं राहिलं तरी पुरे. ओल्या स्टीलवर तर सिलिकॉन कातडीपेक्षा बरं चिकटतं, हा अनपेक्षित फायदा. लाडू वळताना मात्र काढून ठेवते, कारण त्याला तूप लागलं की ते सुटून लाडवातच राहायचं.

किल्लीने सर्वांत जास्त छळलं. अंगठा दाबला की सिलिकॉन वाकायचं आणि किल्ली कुलपात फिरण्याऐवजी हातात फिरायची. दारात उभं राहून मी रडले आहे, शेजारच्या वहिनींनी पाहिलंही आहे. दीडेक महिन्याने एका दुपारी हातात पिशवी होती, घाई होती, आणि किल्ली नकळत खोलवर धरली गेली, बोटाच्या मुळाशी, जिथे सिलिकॉनच्या आत माझं स्वतःचं हाड आहे. कुलूप उघडलं. थेरपिस्टला सांगितलं तर म्हणाली, "हो, बऱ्याच जणांना असंच सापडतं." मग आधी का सांगितलं नाहीस, असं तोंडावर आलं होतं. पण हे सांगून कळलं असतं का, कोण जाणे.

टाचणी अजूनही उचलता येत नाही. तो नाद सोडला. टोकाच्या चिमटीला नुसतं टोक पुरत नाही, टोकाला कळावं लागतं. या बोटाला काहीच कळत नाही. एकदा ते तापलेल्या कढईच्या काठाला टेकलं होतं आणि मी शांतपणे भाजी हलवत होते. नातीने ओरडून सांगितलं तेव्हा समजलं. हळद मात्र त्याला पहिल्या महिन्यातच लागली, ती निघत नाही.

तर, किल्लीच्या त्या दीड महिन्यात मी वाचत होते ते माझ्या आधी हे कोणी कोणी केलं त्याबद्दल. आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी विश्पलेचं नाव घेतंच : ऋग्वेदात अश्विनांनी तिला लोखंडी पाय दिला. ती योद्धी स्त्री होती की शर्यतीतली घोडी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि पाय दिल्यानंतर ती चालायला कशी शिकली हे तर सूक्तात कुठेच नाही. रोमन मार्कस सर्जियसचंही तेच. दुसऱ्या प्युनिक युद्धात उजवा हात गेला, लोखंडी हात करवून घेतला, पुन्हा लढला, असं प्लिनी लिहितो. केला आणि लढला, यांच्या मध्ये काहीच नाही.

इजिप्तमध्ये थीब्जजवळ सापडलेला पायाचा लाकडी अंगठा मला जास्त आवडला. लाकूड आणि चामड्याचा, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचा, एका स्त्रीच्या ममीच्या पायात. त्याच्यावर वापराच्या खुणा आहेत, म्हणजे तो नुसता मेल्यावर बसवलेला नाही. मँचेस्टरच्या संशोधक जॅकी फिंच यांनी तशी प्रतिकृती करून, पायाचा अंगठा गमावलेल्या माणसांना घालून चालायला लावलं. त्याने खरंच चालता येतं हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या बाईने लाकडाची झीज मागे ठेवली. एवढा पुरावासुद्धा बाकीच्यांनी ठेवलेला नाही.

पुस्तकांमध्ये लोखंडी हाताचा सगळ्यांत गाजलेला मालक म्हणजे जर्मन सरदार ग्यॉट्झ फॉन बेर्लिशिंगन. १५०४ साली लांड्सहूटच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याच्याच तलवारीची मूठ त्याच्या हातात घुसली आणि उजवा हात गेला. त्याचा लोखंडी हात याक्स्टहाउजेनच्या गढीत अजून आहे. प्रत्येक बोटाला सांधे, आत दातेरी चाकं आणि कमानी. डाव्या हाताने बोटं हवी तशी मुडपायची, ती खट्कन अडकतात. कळ दाबली की सुटतात. म्हणजे तो हात स्वतः काहीही पकडत नसे. डावा हात त्याच्यात वस्तू ठेवायचा आणि तो धरून बसायचा. हे वाचून मला फार हायसं वाटलं, कारण मीही नेमकं हेच करते. पेन डाव्या हाताने उजव्यात ठेवते. चारचौघांत लाज वाटायची, आता वाटत नाही. सरदार माणसंही तसंच करत.

ग्यॉट्झने म्हातारपणी आत्मचरित्र सांगून लिहवलं. त्यात हातातल्या यंत्राबद्दल फारसं काही नाही. पण जखमी होऊन पडला असताना काय मनात आलं ते आहे. आता आपण लढाईला निकामी झालो, देवाने न्यावं, असं त्याला वाटत होतं. मग त्याला आठवलं, वडील आणि जुने शिपाई एका कोख्ले नावाच्या माणसाबद्दल सांगायचे. त्यालाही एकच हात होता आणि तरी रणांगणात तो कोणाहून कमी नव्हता. त्या ऐकलेल्या गोष्टीवर हा पठ्ठ्या उठून बसला. लोखंडी हात नंतर आला. इतिहासात हात राहिला, काचेच्या पेटीत. कोख्ले त्या आत्मचरित्रातल्या एवढ्याशा जागेत.

दुसरी गोष्ट फ्रेंच शल्यविशारद आम्ब्र्वाज पारेची. सोळाव्या शतकातला हा माणूस न्हाव्यांच्या हाताखाली शिकून राजांचा शस्त्रवैद्य झाला. पुस्तकांमध्ये त्याच्या नावावर कमानींचा एक लोखंडी हात दाखवतात. तो केला होता पॅरिसच्या एका कुलूपवाल्याने, ज्याचं फक्त टोपणनाव उरलंय, ‘छोटा लोरेनवाला’. पण माझं लक्ष गेलं ते त्याच ग्रंथातल्या एका किरकोळ वस्तूवर. एका माणसाच्या मनगटाला जखम होऊन शिरा तुटल्या होत्या. जखम भरली, पण अंगठा कायमचा तळव्यात वळून राहिला. त्यामुळे त्याला शस्त्र धरता येईना. तो पारेकडे आला आणि म्हणाला, हा अंगठा कापून टाका. पारेने नकार दिला. त्याने पत्र्याची एक नळी करवून घेतली, अंगठा तिच्यात बसवला आणि दोऱ्यांनी मनगटाला बांधला, म्हणजे तो उभा राहील. बस. माणसाला पुन्हा शस्त्र धरता आलं.

न हलणारा, कसलीही जाणीव नसलेला, नुसता योग्य जागी उभा असलेला अंगठा! माझ्या बोटाचा हा खरा पूर्वज. रांगोळीचंही गुपित तेच आहे, मावशी. पूर्वी तर्जनी हलायची आणि अंगठा स्थिर असायचा. आता बोट स्थिर उभं राहतं आणि अंगठा त्याच्यावर पुढेमागे घासून रांगोळी सोडतो. रेघ थोडी जाड येते.

दातवाल्यांशी असलेलं बोटांचं नातंही जुनं निघालं. ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे १८४० च्या दशकात कॉर्पोरल कोल्स नावाच्या शिपायाची बोटं तोफेच्या अपघातात उडाली. त्याला हात करून दिला रॉबर्ट नॉर्मन या दातांच्या डॉक्टरने. देवमाशाच्या हाडाची बोटं, आतड्याच्या तातीच्या दोऱ्या आणि कप्प्या. त्याने बटण किंवा सहा पेन्सचं नाणं उचलता येई असं वर्णन आहे. (म्हणजे माझ्यापेक्षा बरं.) २०११ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या रिचर्ड फान आस या सुताराची उजव्या हाताची बोटं करवतीत गेली. तयार बोटांच्या किमती त्याला परवडणाऱ्या नव्हत्या. अमेरिकेत आयव्हन ओवेन हा बाहुल्यांचे यांत्रिक हात करणारा कारागीर त्याला सापडला, आणि दोघांनी जगाच्या दोन टोकांवरून एकमेकांना लिहीत-बोलत बोट तयार केलं. शोधताना ओवेनला कोल्सचा तो दीडशे वर्षांपूर्वीचा हात सापडला आणि त्यावरून कल्पना सुचल्या. मग जन्मतः बोटं नसलेल्या एका पाच वर्षांच्या मुलासाठी त्यांनी हात केला आणि २०१३ च्या जानेवारीत त्याचे आराखडे सगळ्यांसाठी फुकट खुले केले. आज ठिकठिकाणी लोक थ्रीडी प्रिंटरवर असे हात छापून देतात.

आपल्याकडे पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, ते दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांसाठी सुरू झालं. जयपूर फूट तर जगभर गेला. तिथेही डॉ. सेठींचं नाव सगळ्यांना माहीत, त्यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा या कारागिराचं नाव त्या मानाने कमी लोक घेतात. जयपूर हात तेवढा का गाजला नाही असं मला पुष्कळ जण विचारतात. माझ्या मते पायाला मुख्यतः एकच काम आहे. हाताला किती आहेत ते श्लेसिंगरलाही सहात बसवताना जड गेलं असेल.

असो. हे सगळं वाचताना मला सारखे आप्पाकाका आठवत होते.

नव्या पिढीने त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, सोलापूरला गिरणीत होते. माझ्या जन्माच्याही आधी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. घरात याबद्दल बोलत नसत. काकांचा हात कायम खांद्यावरच्या पंच्याखाली. पूजा झाली की ते डाव्या हाताने प्रसाद द्यायला नको म्हणून उजवा बाहेर काढत, तीन बोटांत पेढा धरून, आणि मी आईच्या मागे लपत असे. मला त्या हाताची किळस यायची. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. त्यांना ते कळत होतं. काही वर्षांनी त्यांनी माझ्यापुढचा पेढा ताटलीत ठेवायला सुरुवात केली.

आणि त्याच हाताने हा माणूस अडकित्त्याने सुपारी कातरायचा. इतकी पातळ की जिभेवर विरघळेल. पंगत उठली की ओसरीवर बसून करकर करकर, सगळ्या पाहुण्यांना पुरेल एवढी. अडकित्ता कोणत्या हातात असायचा? उजव्यात, हे नक्की, कारण पंचा त्या वेळी बाजूला असायचा. पण धरायचे कसा? दोन बोटं नसताना वरचा दांडा कशाने दाबायचे? मी समोर बसलेली असायची आणि मी बघितलं नाही. मी त्या हाताकडे बघायचंच टाळत होते.

मागच्या महिन्यात सोलापूरला गेले तेव्हा ताईने तो अडकित्ता दिला. पितळी, दांड्यावर मोर. सिलिकॉनचं बोट घालून प्रयत्न केला, घसरतं. काढून प्रयत्न केला तर थोटकाचं टोक दांड्याच्या बाकात बरोबर बसतं, पण जोर येत नाही. काकांना तर तेवढंही पेर नव्हतं. अनामिका आणि करंगळी खालच्या दांड्यावर आणि वरून तळव्याची गादी, असं काहीतरी असणार. सुपारी तुटते, कातरत नाही.

ताईला आठवत नाही. ती म्हणते, "बाबा करायचे, एवढंच माहीत."

सोलापूरकरांनो, त्या ओसरीवर तुमच्यापैकी बरेच जण बसलेले आहात. बापूदादा, तू तर सुपारी मागायला सगळ्यांत पुढे असायचास. अंगठा कुठे असायचा, वर की आत? आठवलं तर फोन कर. रात्री नऊनंतर केलास तरी चालेल, फक्त तेव्हा बोट काढून ठेवलेलं असतं, फोन उचलायला थोडा वेळ लागतो.